नायकाची चौकशी

आमच्या घरात दार आपटायची सोय नव्हती. दारं होती, पण पुढचं दार दिवसभर उघडं आणि मधल्या दाराला आईच्या जुन्या साडीचा पडदा. तो कितीही जोरात ओढला तरी त्याचा आवाज म्हणून येत नाही. परसात मात्र अण्णांनी एका रांगेत रूम काढल्या होत्या, वर स्लॅब, स्लॅबवर काळ्या टाक्या, आणि त्या रूमना चांगली लोखंडी दारं होती. ती भाडेकऱ्यांसाठी. हिंजवडीत कंपन्या आल्या आणि शेजारच्या आमच्या नेरे गावात ज्याच्या त्याच्या परसात अशा रूम उभ्या राहिल्या. आम्ही घरची माणसं जुन्या घरात एका खोलीत ओळीनं झोपायचो, आणि कुठून कुठून आलेल्या पोरापोरींना स्वतंत्र खोली, स्वतंत्र कडी, स्वतंत्र गीझर. मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. माणूस भाडं देतो म्हटल्यावर त्याला कडी हवीच.

दार आपटावंसं वाटू लागलं ते रीमाताईमुळे. शेवटच्या रूममध्ये ती राहायची, मूळची नागपूरची. कंपनीत दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधणं हे तिचं काम होतं. या कामाचा पगार मिळतो हे कळल्यावर आई म्हणाली, "मंग माझ्या सासूला किती मिळाला आसता!" रीमाताईच्या खोलीत विटा आणि फळ्या रचून केलेलं एक कपाट होतं आणि त्यात नुसती इंग्रजी पुस्तकं. पुण्यात किलोवर विकायला बसतात तिथून ती पिशव्या भरभरून आणायची. मी पाण्याची मोटार चालू करायला मागे जायची, तेव्हा ती दारात बसून वाचत असायची. मी रोज तिच्या पुस्तकाकडे बघते हे तिनं ओळखलं आणि एकदा माझ्या हातात एक ठेवलं. मी म्हटलं, मला एवढं इंग्रजी येत नाही. ती म्हणाली, "ज्या शब्दावाचून अडत नाही तो सोडून दे ना. पुढे चल."

असे शब्द सोडून देत देत मी पहिली कादंबरी वाचली. कुठल्या तरी थंड गावातली माझ्याएवढी मुलगी. तिचं आईशी भांडण होतं, ती जिन्यावरून धडाधड वर जाते आणि खोलीचं दार आपटते. मग आई येऊन दारावर टकटक करते आणि विचारते, आत येऊ का? हे पान मी कितीदा वाचलं असेल! आई विचारते, आत येऊ का! दुसऱ्या एका पुस्तकात बाप मुलाला सॉरी म्हणत होता. तिसऱ्यातली पोरं रात्रीची फ्रिज उघडून नुसती उभी राहायची, काही न घेता, आणि फ्रिज उघडा ठेवला म्हणून त्यांना कुणी ओरडत नव्हतं. मी रीमाताईला विचारलं, ही पुस्तकं लिहितात कुणासाठी? ती म्हणाली, "तुझ्याच वयाच्या पोरांसाठी तर असतात."

मी चाटच पडले. शाळेतल्या कपाटात पऱ्यांची, राजांची पुस्तकं होती, ती लहानांची. बाकीची मोठ्यांची, त्यांत माणसं पहिल्या पानावर लग्न तरी करायची नाही तर मरायची तरी. घरातही तेच होतं. कालपर्यंत "पोर लहान हाय, जाऊ दे," आणि एके दिवशी अचानक "आता मोठी झालीस, नीट बस." या दोन्हींच्या मध्ये काही जागा असते, तिथेही माणसं राहतात, त्यांना तिथे बरंच काही होत असतं, आणि त्यांच्यासाठी कुणीतरी पुस्तकं छापतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आता मी स्वतः त्याच वयाच्या मुलांसाठी लिहिते, आणि शाळांतून बोलवतात तेव्हा ही गोष्ट सांगितली की मुलं माझ्याकडे फार दयेनं बघतात.

दार आपटून बघितल्याशिवाय मला चैन पडेना. रीमाताई कामावर गेली होती, चावी आमच्याकडे असायची. मी तिच्या खोलीत गेले, मनातल्या मनात आईशी भांडले आणि सगळा जोर लावून दार आपटलं. सगळी रांग हादरली. धुण्याच्या दगडावरून आईचा आवाज आला, "वारं सुटलं का गं? वाळलेली कापडं काढ." मी मुकाट्यानं कापडं काढली.

संध्याकाळी आमच्या परसात एक गंमत असायची. रांगेतल्या प्रत्येक रूममधून कुकरच्या शिट्ट्या, आणि प्रत्येक दाराचा वास निराळा. एकीकडून सांबाराचा, एकीकडून मोहरीच्या तेलाचा, एकीकडे पोरं अंडी जाळत असायची. आमच्या चुलीवर इंद्रायणीचा भात रटरटायचा आणि आई भाकरी थापायची तो थपथप आवाज या सगळ्याच्या खालून येत राहायचा. अण्णा त्याच वेळी म्हशीची धार काढायला बसत. मी चरवी धरून शेजारी बसायची आणि दिवसभरात वाचलेलं त्यांना सांगायची. अण्णा फार बोलणारे नव्हते. भाडं थकलं तरी ते भाडेकऱ्याच्या दारात जाऊन नुसते उभे राहत. पण गोष्टीत त्यांचं लक्ष असे. "मंग पुढं?" एवढं ते विचारत. कधी त्यांची वेगळीच शंका असे. ती दार आपटणारी पोरगी त्यांना पसंत नव्हती, पण काळजी होती तिची. "तिच्या बापाची जमीन किती हाय? कुटं बी काय लिवलं न्हाई?" मी म्हणायची, लिहिलं नाही. "मंग कशी कळायची तिची हालत," म्हणून ते आचळाला पाण्याचा हात लावत. ती म्हैस पुढे विकली. तिच्या जागी आता भाडेकऱ्यांच्या दुचाक्या उभ्या राहतात.

बारावीची परीक्षा संपली त्या सुमारास मी ठरवलं की आपण कादंबरी लिहायची. नेऱ्यातली. फ्रिज उघडून उभं राहणारी पोरं नाहीत, आमच्याकडची. हे मी फक्त रीमाताईला सांगितलं. घरात सांगण्यासारखी परिस्थिती नव्हती. पुण्याच्या कॉलेजात जायचं मी मागे लागून अण्णांच्या कानावर घातलं होतं, ते "निकाल तर लागू दे" एवढंच म्हणाले होते. आमच्या आळीत बारावी झालेल्या पोरीचा निकाल लागेपर्यंत एखादं स्थळ चालून आलं तर निकाल बघायला कुणी थांबत नसे. माझ्याबरोबरच्या दोघींचं तसंच झालं होतं. त्यामुळे मी जीव मुठीत धरून ते दोन महिने काढत होते आणि वरून कादंबरीची तयारी करत होते.

तयारी म्हणजे काय, तर रीमाताईनं सांगितलं, एवढ्यात लिहायला बसू नकोस. आधी तुझा नायक कोण ते शोध. आणि त्याचं सगळं माहीत करून घे. तो काय खातो, रागावला की काय करतो, आईशी कसा बोलतो, कशाला घाबरतो, त्याच्या आजोळी त्याचे लाड होतात का. पुस्तकात यातलं काहीच आलं नाही तरी चालेल, पण तुला माहीत पाहिजे. मला हे फार पटलं. माणसाबद्दल एवढं विचारायची परवानगी मिळते म्हटल्यावर कुणालाही पटेल.

मे महिन्यात मी मुठा गावी मावशीकडे गेले. तिच्याकडे कुरडया घालायच्या होत्या आणि मी करवंदांच्या आशेनं गेले होते. तिच्या घरासमोर पुण्याच्या लोकांचा शनिवार-रविवारचा बंगला होता, आणि त्याच्या हिरवळीला एक मुलगा पाणी घालायचा. मावशी म्हणाली, ती जमीन या मुलाच्या घरच्यांचीच होती, बंगलेवाल्यांनी विकत घेतली आणि आता हाच तिथे राखणीला असतो. नवनाथ त्याचं नाव. मी कुंपणातून बघत होते. पाण्याचा पाइप घेऊन हिरवळीवर जाण्याआधी त्यानं चपला काढून कडेला ठेवल्या. भातखाचरात उतरताना काढतात तशा. माझ्या अंगावर काटाच आला. जमीन विकली, तिच्यावर गवत आलं, तरी हा अजून चपला काढून आत जातो! नायक मिळाला, मी मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दळण घेऊन मी गिरणीत गेले. गिरणीवाल्या काकूंना गावातल्या घराघरातलं ठाऊक असतं, कारण ज्याच्या त्याच्या डब्यात किती पीठ पडतं ते त्यांना दिसतं. मी विचारलं, तो नवनाथ कसा आहे हो?

"लई गुणाचं पोरगं," काकू म्हणाल्या. "का गं?"

"असंच. रागावला की काय करतो?"

"त्यो? गप बसतो. जेवत न्हाई."

"तंबाखू वगैरे?"

"अजाबात न्हाई."

"खायला काय आवडतं? भावंडं किती? आणि थोडी तरी जमीन राहिलीय का त्यांची? त्याच्या मामाचं गाव कोणतं?"

इथे काकूंनी गिरणी बंद केली. खरंच बंद केली, पट्टा थांबवला, हात झटकले आणि माझ्यासमोर पोत्यावर येऊन बसल्या. वालाचं कालवण आवडतं. एक धाकटा भाऊ. आई दोन पावसाळ्यांपूर्वी गेली, तेव्हापासून घरात तिघे पुरुष हातानं भाकरी करून खातात. डोंगराकडची जमीन अजून आहे. मामा पुण्यात ड्रायव्हर, चांगला माणूस. पोराला लहानपणी पोहायला शिकवायचं म्हणून कुणी विहिरीत ढकललं होतं, तेव्हापासून विहिरीजवळ जात नाही. मी विचारत गेले आणि त्या सांगत गेल्या. मला वाटलं, काय ही बाईंना गोष्टीची आवड! निघताना त्यांनी विचारलं, तू कुणाची? मी अण्णांचं नाव, गाव, आळी, घरामागे रूम आहेत, सगळं खुशाल सांगितलं.

आता मागे वळून बघताना मला हसूही येतं आणि कपाळावर हातही मारावासा वाटतो. आमच्याकडे एखाद्या मुलाबद्दल असं बारीकसारीक विचारण्याचं जगात एकच कारण असतं. व्यसन आहे का, राग कसा आहे, जमीन किती, मामा कोण, यालाच तर चौकशी म्हणतात. फक्त ती मुलीकडची मोठी माणसं करतात, आडून आडून, दळण नाही तर शेळी विकायचं निमित्त काढून. कादंबरीकार आणि मुलीचा बाप यांचे प्रश्न तेच असतात हे रीमाताईनं मला सांगितलं नव्हतं. तिला तरी काय माहीत!

मी नेऱ्याला परत आले. रीमाताईला सगळं ऐकवलं आणि ती खूश झाली. आणि एका रविवारी सकाळी आमच्या दारात जीप थांबली. जीपमधून गिरणीवाल्या काकू उतरल्या, मग एक म्हातारेसे गृहस्थ, मग मोबाइल खिशात असलेले एक मामा, आणि शेवटी घडीच्या खुणा असलेला नवा पांढरा शर्ट घातलेला माझा नायक. मी पडद्याआड गेले. खरं सांगायचं तर पहिला विचार आला तो हाच, की हा जवळून बराच उंच आहे.

अण्णा पाण्याची मोटार उघडून बसले होते, त्यांचे हात काळे. पाणी झालं, बसणं झालं. काकू म्हणाल्या, "तुमच्याकडनं चौकशी झाली, आमच्याकडं बी मनात हुतंच. म्हटलं लांबण कशाला लावायची? आलो."

"चौकशी?" अण्णा म्हणाले. "कुणी केली?"

काकूंनी पडद्याकडे मान केली. "ह्या तुमच्या लेकीनं की. येक येक गोष्ट इचारली. मला वाटलं, तुमीच सांगून धाडली."

पोरीनं आपल्या मनानं एका पोराची अशी माहिती काढली, हे त्या जीपबरोबर परत गेलं असतं तर पिरंगुटपर्यंत पोचायला संध्याकाळ लागली नसती. अण्णांनी पडद्याकडे बघितलं. काय झालंय हे त्यांना कळलं नव्हतं, एवढंच कळलं की पोरीची अब्रू आत्ता या चटईवर पडलीय.

"व्हय," ते म्हणाले. "आमीच सांगितलं हुतं."

त्या एका वाक्यानं त्यांनी मला वाचवलं आणि तिथेच अडकवलंही. आपणच चौकशी करायची, माणसं दारात आली की नाही म्हणायचं, असा अपमान आमच्यात कुणी कुणाचा करत नाही. आईनं मागचा पुढचा विचार न करता कढई चढवली. स्थळ चालून आलं होतं, घर चांगलं होतं, सासूचा जाच नव्हता. कांदा चिरताना ती मला म्हणाली, "येडे, मला तरी सांगायचंस." तिचे डोळे कशानं भरले होते कोण जाणे, पण ती खुशीत होती आणि मला तिचा रागही आला आणि कीवही.

मामा सुधारलेले होते. ते म्हणाले, पोरांना दोन शब्द बोलू द्या, आता तशीच पद्धत आहे. म्हणून आम्हांला रूमच्या स्लॅबवर पाठवलं. टाक्यांच्या मधल्या दोरीवर रीमाताईचे कपडे वाळत होते. नवनाथ लांबच उभा राहिला.

"इहिरीचं बी इचारलंस म्हणं," तो म्हणाला. "कशापायी?"

मी खरं सांगून टाकलं. कादंबरी, नायक, चपला, सगळं. तो ऐकून घेत होता. रागावला असावा असं मला वाटलं, कारण तो गप्प होता आणि त्याच्या रागाची मला माहिती होती.

"चपला मालकीणबाईमुळं काढतो," तो शेवटी म्हणाला. "गवतावर ठसे उमटत्यात म्हणून वरडती ती. आन् दुसरं सांगू? जमीन गेली तवा मला लई बरं वाटलं. चिखलात उभं राहून पाय कुजायचे माझे. ह्ये आईला बी कधी बोललो न्हाई."

माझी अर्धी कादंबरी तिथल्या तिथे कोसळली. आणि गंमत म्हणजे मला वाईट वाटलं नाही, उलट आणखी विचारावंसं वाटू लागलं. बरं म्हणजे कसं वाटलं? घरात सगळे रडत असताना तू काय करत होतास? पण तोच म्हणाला, "सगळ्या गावाला इचारलंस, मलाच तेवढं इचारलं न्हाईस."

"मुलाला कसं विचारणार?"

"ते बी खरं." तो थोडा हसला. मग म्हणाला, "माझं सांगतो. मला लगीन करायचंय. घर खायाला उठतं. तू मला पसंत हायेस. मी खाली जाऊन न्हाई म्हणणार न्हाई. न्हाई म्हणायचं आसंल तर तुझं तू म्हण."

माझी अशी कल्पना होती की आता तो उदारपणे सगळं आपल्या अंगावर घेईल. मी वाचलेल्या पुस्तकांतल्या मुलांनी घेतलं असतं. पण त्याला का म्हणून घ्यावं लागावं? त्याला खरंच लग्न हवं होतं. इतक्या सरळ शब्दांत माझ्याशी तोवर कुणीच बोललं नव्हतं, आणि त्यामुळेच मला नाही म्हणणं जास्त जड झालं.

खाली आलो तेव्हा पोह्यांच्या बश्या फिरत होत्या आणि मामा म्हणत होते, साखरपुडा पावसाआधी उरकून घेऊ. अण्णांची मान हळूहळू हलत होती. मी दारात उभी राहिले, पडदा हातात घट्ट धरला.

"अण्णा, मला आत्ता लगीन करायचं न्हाई."

आईच्या हातातला झारा थांबला. मामा म्हणाले, "का? पोरात काय खोट हाय?"

"त्याच्यात काय बी खोट न्हाई. मला कादंबरी लिहायचीय. त्यासाठीच मी इचारत हुते. अण्णांनी न्हवतं सांगितलं मला."

काकूंनी पदर तोंडाला लावला. अण्णांनी घातलेलं पांघरूण मीच ओढून काढलं होतं. मामांनी मला एक वाट दाखवली, माणूस भला होता. "कादंबरी म्हंजी कालेजाचा आब्यास का काय?"

हो म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. अभ्यास म्हटला की मोठी माणसं थोडी नरमतात. पण स्लॅबवर तो मुलगा इतकं खरं बोलला होता की खाली येऊन खोटं बोलायची मला लाज वाटली.

"न्हाई. कालेजला बी जायचंय, पण ही गोष्ट माझी मी लिहिणार हाय."

"लिवून काय हुतं?" नवनाथच्या वडिलांनी विचारलं. ते पहिल्यांदाच बोलले होते आणि टोमणा म्हणून बोलले नव्हते, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. इतकी वर्षं लिहून अजूनही त्या प्रश्नाएवढं चांगलं उत्तर मला सापडलेलं नाही.

अण्णा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या हाताला मोटारीचं काळं तसंच होतं.

"किती दिस लागत्यात त्याला?"

"म्हाईत न्हाई, अण्णा."

"सुरू केलीस?"

"व्हय. तयारी चाललीय."

"पोरगी कोण हाय तुझ्या गोष्टीत? तिच्या बापाची जमीन लिवणार का?"

"लिहिणार."

अण्णांनी मान खाली घातली. ते हाताचं काळं चोळू लागले. आई पडद्यापाशी येऊन माझ्या शेजारी उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. मग अण्णांनी पाहुण्यांकडे बघून जे म्हटलं ते आमच्या घरात मी तोवर फक्त पुरुषमाणसांबद्दल ऐकलं होतं.

"आमची पोरगी सध्या कामात हाय," ते म्हणाले. "रागावू नका. पोहे घ्या, गार हुत्यात."